गिलावा कोणता? आधी भिंतीला विचारा!

घराला रंग काढायचा म्हटलं, की आपण बायका शेडकार्ड घेऊन बसतो. पिस्ता की लेमन, हॉलची एकच भिंत गडद करायची की चारही सारख्याच, यावर आठवडाभर खल होतो. पण रंगाच्या खाली जे असतं, त्या गिलाव्याचं काय? तो निर्णय बहुतेक घरांत कॉन्ट्रॅक्टर आणि घरातला कर्ता पुरुष उभ्या उभ्या, चहाच्या एका कपात उरकून टाकतात. आणि मग पुढची पंधरा-वीस वर्षं त्या भिंतीशी संसार करायचा तो आपण! पोपडे झाडायचे आपण, कपाटामागची बुरशी पुसायची आपण, आणि दिवाळीला ‘यंदा पुन्हा रंग काढायला हवा गं’ म्हणायचं तेही आपणच.

म्हणून आज जरा रंगाच्या खाली डोकावूया. सिमेंट, जिप्सम की चुना, हा प्रश्न वाटतो तेवढा ‘पुरुषी’ नाही. आमच्या घरात तर या प्रश्नावर सासूबाईंची खोली अवलंबून होती.

तीन माणसं, तीन मतं

आमचं घर सहकारनगरमधलं, साठच्या दशकाच्या अखेरीस बांधलेलं. तळमजला, नऊ इंची विटांच्या भिंती. अंगणाकडे दार उघडणारी खोली सासूबाईंची. सासूबाईंना मी आईच म्हणते. वय पंचाहत्तर, गुडघे कुरकुरणारे, आणि जोडीला दमा. त्यांच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीला जमिनीपासून तीन फुटांपर्यंत लोणा लागलेला. पांढरी भुकटी, फुगलेला रंग आणि पावसाळ्यात येणारा तो ओला, कुबट वास. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, की या माणसाला या ओलीत ठेवू नका.

दिरांचा फ्लॅट पिंपळे सौदागरला, नवव्या मजल्यावर. ‘आईंना घेऊन जातो’ असं ते मनापासून म्हणत होते. पण आईंची तुळस, शेजारच्या काकू, संध्याकाळचा ओटा, सगळं इथलं. त्या काही बोलायच्या नाहीत, फक्त आपलं कपाट आवरायला घेतलं होतं त्यांनी. तेव्हा भिंत दुरुस्त होणं म्हणजे नुसती शोभेची गोष्ट नव्हती.

पहिला कॉन्ट्रॅक्टर आला. ‘सगळं जुनं प्लास्टर उडवू, जिप्सम मारू. आठ दिवसांत घर काचेसारखं!’ दुसरा म्हणाला, ‘जिप्सम-बिप्सम सोडा. वॉटरप्रूफिंगचं केमिकल घालून कडक सिमेंटचा गिलावा करू, ओल बाहेर यायची हिंमत करणार नाही.’ तिसरे एक वयस्कर गवंडीमामा. त्यांनी भिंतीवर नुसती बोटं वाजवली आणि विचारलं, ‘पाणी येतं कुठून?’

खरं सांगते, त्या क्षणी मला ते गवंडीमामा आवडले.

मातीच्या भिंतीची भीती

आईंचं मत मात्र ठाम होतं. ‘सिमेंट! दुसरं काही नको.’ यामागे कारण आहे. त्यांचं माहेर नारायण पेठेतलं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि पाठोपाठ खडकवासल्याचंही, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. जुन्या वाड्यांचा खालचा भाग दगडी असला, तरी वरच्या भिंती विटा आणि मातीच्या. आत लाकडी खांब आणि तुळया. त्या मातीनं पाणी प्यायलं आणि भिंती अक्षरशः बसल्या. पाणी ओसरल्यावरही दोन दिवस वाडे ढासळत होते, असं आई सांगतात. पुराने बेघर झालेल्यांसाठी मग गोखलेनगर, सहकारनगर अशा भागांत वसाहती उभ्या राहिल्या. त्या पिढीच्या मनात माती आणि चुना म्हणजे भीती, आणि सिमेंट म्हणजे भरवसा, हे समीकरण पक्कं बसलं.

पण या समीकरणात एक गोम आहे. पूर ही एक गोष्ट, आणि रोजची ओल ही दुसरी. जुन्या वाड्यांच्या चुन्याच्या गिलाव्याला पुरात टिकायचं नसे, रोज जगायचं असे. चुनखडी साधारण नऊशे अंशांना भाजली की कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात विरवायचा, वाळूबरोबर बैलाच्या घाणीत दगडी चाकाखाली मळायचा, कुठे गूळ, कुठे बेलफळाचं पाणी घालायचं. भिंतीवर लावल्यावर हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. म्हणूनच तो घाईचा गिलावा नव्हे. पण त्यात बारीक छिद्रं राहतात, आणि भिंतीतली ओल त्यातून बाहेर पडून हवेत उडून जाते. १८०७ च्या सुमारास दुसऱ्या बाजीरावानं बांधून घेतलेला विश्रामबाग वाडा बाजीराव रस्त्यावर आजही उभा आहे. असे वाडे बांधले गेले, तेव्हा सिमेंट कोणाच्या स्वप्नातही नव्हतं!

अशा जुन्या, मऊ भिंतीवर कडक सिमेंट थापलं, तर ओलीची वाट बंद होते. पाणी मग वर चढतं, नाहीतर आतल्या बाजूला येतं, आणि वाड्यात तर लाकडी खांबाच्या बुडाशी साचून खांब कुजवतं. पेठेत वाडा असलेल्या मैत्रिणींनो, हे वाक्य तेवढं लक्षात ठेवा.

पायऱ्या कुठे गेल्या?

गवंडीमामांच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी एक घरगुती प्रयोग केला. कोणालाही करता येईल असा. फूटभर लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा घ्यायचा, चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट चिकटवायचा आणि दोन दिवस विसरून जायचं. प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले, तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला दिसले, तर हवेतली वाफ थंड भिंतीवर जमतेय. दुसऱ्या प्रकारात खिडक्या उघडल्या, कपाट भिंतीपासून चार बोटं सरकवलं, तरी निम्मं काम होतं.

आमच्याकडे थेंब आतल्या बाजूला! नळ तपासला, बाथरूमची पाइपलाइन तपासली. काही नाही. मग एका संध्याकाळी ओट्यावर बसल्या बसल्या आईच म्हणाल्या, ‘पूर्वी अंगणातून ओट्यावर यायला तीन पायऱ्या होत्या गं. आता एकच उरलीय.’

गवंडीमामा दुसऱ्या दिवशी आले, त्यांना हे सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. झालं होतं असं, की इतक्या वर्षांत अंगणात आधी भराव पडला, मग कोबा झाला, मग त्यावर सोसायटीने पेव्हर ब्लॉक बसवले. जमीन वर वर येत गेली आणि घराचं जोतं बुडालं. जोत्याच्या पातळीवर ओल अडवण्यासाठी एक थर घातलेला असतो. आमच्याकडे बाहेरची जमीनच त्या थराच्या वर गेली होती. पावसाचं पाणी थेट विटांना भिडत होतं, आणि विटा ते दिव्याच्या वातीसारखं वर ओढत होत्या. पाण्याबरोबर क्षार येतात, पाणी उडून जातं, क्षार मागे राहून रंग फोडतात. हाच तो लोणा.

म्हणजे जिप्सम मारलं असतं तर ते वर्षभरात भुसभुशीत झालं असतं. कडक सिमेंट मारलं असतं तर ओल तीन फुटांऐवजी साडेचार फुटांवर दिसली असती. दोन्ही पद्धती आपल्या जागी उत्तम, पण या भिंतीच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतंच!

जशी भिंत, तसा गिलावा

आमच्या घरात शेवटी एकाच पद्धतीचा हट्ट सोडला. प्रत्येक भिंतीचं वेगळं ठरवलं. तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून सविस्तर सांगते.

*स्वयंपाकघर आणि बाथरूम* : इथे वाळू-सिमेंटच. पाण्याची ये-जा असलेल्या जागी त्याला पर्याय नाही. आतल्या भिंतीला साधारण बारा ते पंधरा मिलिमीटरचा थर, एक भाग सिमेंटला चार ते सहा भाग वाळू. सिमेंट जास्त म्हणजे गिलावा जास्त चांगला, हा गैरसमज आहे. सिमेंट वाढलं की गिलावा आक्रसतो आणि बारीक तडे जातात. आधी भिंत भिजवायची, आणि गिलावा झाल्यावर किमान सात दिवस पाणी मारायचं. पाणी मारायला कंटाळा केला, तर पैसे अक्षरशः वाळूत गेले म्हणून समजा. तुळई किंवा खांब जिथे विटांच्या भिंतीला भेटतो, तिथे तारेची जाळी ठोकून घ्यायची, म्हणजे त्या रेषेवर पुढे तडा जात नाही.

वाळूचंही एक आहे. नदीतून वाळू काढण्यावर २०१२ नंतर न्यायालयं आणि हरित लवादाने बंधनं आणली. आता पुण्यात बहुतेक ठिकाणी दगड फोडून केलेली क्रश सँड येते. ती वाईट नाही. पण काँक्रीटची वेगळी आणि प्लास्टरची वेगळी असते. मुठीत घेऊन पाहा. पिठासारखी धूळ फार असेल तर गिलाव्याला तडे ठरलेले. फ्लॅटमध्ये वाळूचा ढीग टाकायला जागा नसेल, तर तयार मिश्रणाच्या पिशव्या मिळतात, त्यात फक्त पाणी घालायचं. महाग पडतं, पण जिना आणि शेजाऱ्यांशी संबंध दोन्ही स्वच्छ राहतात!

*मधली नवी भिंत* : मुलीच्या अभ्यासाला खोली हवी म्हणून हॉलमध्ये हलक्या ब्लॉकची भिंत घातली. तिथे जिप्सम. जिप्सम म्हणजे आपल्या ओळखीच्या पीओपीचंच भावंड. राजस्थानात हा खनिज दगड भरपूर मिळतो. तो दीडशे अंशांच्या आसपास भाजला की त्यातलं पाऊण पाणी निघून जातं. पुन्हा पाणी घातलं की अर्ध्या तासात घट्ट. पाणी मारायची भानगड नाही, आक्रसत नाही म्हणून तडे कमी, आणि भिंत इतकी गुळगुळीत की वर लांबी भरायची फारशी गरज नाही. मग बाथरूममध्ये का नको? पीओपीचे गणपती पाण्यात लवकर विरघळत नाहीत, हे आपण पाहतो की! विरघळत नाही हे खरं, पण सततच्या ओलीत ते मऊ पडतं. म्हणून ओल्या भिंतीवर, सिंकच्या मागे किंवा बाहेरच्या बाजूला ते लावायचं नाही. घट्ट होऊ लागलेला माल पाणी घालून पुन्हा वापरू द्यायचा नाही. आणि जड फडताळ टांगायचं असेल, तर खिळा ठोकायचा नाही. ड्रिल करून आतल्या ब्लॉकपर्यंत जाणारा प्लग बसवायचा.

*हॉल आणि आमची खोली* : इथे काहीच उडवलं नाही! नाण्याने भिंत वाजवत गेलो. जिथे ढब्ब ढब्ब पोकळ आवाज आला, तेवढंच काढून भरलं. बाकी जुना सिमेंटचा गिलावा आणि त्यावरचा नीरू टणक होता. त्याला नुसती पुट्टी केली. ‘सगळं उडवू’ म्हणणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरला त्यात जास्त काम मिळतं, आपल्याला जास्त धूळ.

*आईंची भिंत* : आधी बाहेरून भिंतीलगतचे पेव्हर ब्लॉक फूटभर रुंदीत काढून जमीन जोत्याच्या खाली नेली. तिथे खडी भरली, पाणी लांब जाईल असा उतार दिला. सोसायटीची संमती घ्यायला दोन मीटिंगा लागल्या, ते वेगळं. मग आतून ओलीच्या रेषेच्या वर फूटभरापर्यंत गिलावा काढला आणि विटा उघड्या ठेवल्या. मार्च ते मेअखेर. लोणा दर आठवड्याला कोरड्या ब्रशने झाडायचा, पाण्याने धुवायचा नाही, नाहीतर तेच क्षार पुन्हा आत जातात. उघड्या विटांची खोली पाहून येणारा-जाणारा हळहळायचा. आई तेवढे दिवस हॉलमध्ये दिवाणावर झोपल्या.

पावसाच्या तोंडावर तिथे एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग वाळू, असा गिलावा केला. सिमेंटमुळे पकड येते आणि चुन्यामुळे भिंत श्वास घेते. ‘सिमेंट आहे ना त्यात?’ आईंनी दोनदा विचारून घेतलं. वर प्लास्टिक पेंट नाही, चुन्याची सफेदी. चकचकीत रंगाचा पडदा ओढला, तर पुन्हा श्वास कोंडायचा.

घमेलं कोण उचलतं?

या सगळ्या कामात गवंडीमामांच्या हाताखाली एक बाई होती, चाळिशीची. वाळू चाळायची, माल कालवायची, घमेलं डोक्यावर घेऊन यायची. सहाला एक चुना पडला की नाही, हे तिला मालाच्या रंगावरून कळायचं. एकदा तर तिने मामांनाच थांबवलं, ‘चुना कमी हाय.’ आणि तो खरोखर कमी होता. तरी ती ‘बिगारी’, थापी हातात धरणारा ‘मिस्त्री’, आणि दोघांच्या मजुरीत तेवढंच अंतर. गावाकडे घर सारवण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांचं. पण त्याच हाताने शहरात गिलावा करायचा म्हटलं की तो ‘पुरुषाचा धंदा’ होतो, हे कोडं मला सुटलेलं नाही.

तिच्यासाठी आणि आपल्यासाठीही काही गोष्टी सांभाळायला हव्यात. गिलावा फोडताना त्यावर पाणी शिंपडत राहायचं. वाळू-सिमेंटची बारीक धूळ फुफ्फुसात जाऊन बसते, नुसता पदर बांधून ती अडत नाही. चांगले मास्क आणि रबरी हातमोजे आपणच आणून द्यावेत. चुना आणि सिमेंट दोन्ही हात भाजतात. जुना ऑइलपेंट कोरडा खरवडू देऊ नये. घरगुती रंगातल्या शिशावर कडक मर्यादा २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या थरांत ते असू शकतं. लहान मुलं आणि गरोदर बाई घरात असेल तर त्या दिवशी त्यांना दुसरीकडे पाठवावं. आणि वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केलेल्या मजुराला राज्याच्या कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते, हे कामावरच्या बाईला आवर्जून सांगावं. आमच्याकडच्या बाईला ते ठाऊक नव्हतं.

काम देण्याआधी हे विचारा

ओल कुठून येते ते शोधलंत का? भिंत कशाची आहे : माती, वीट, ब्लॉक की काँक्रीट? जुना गिलावा वाजवून पाहिला का? थर किती जाडीचा, मिश्रण काय? पाणी कोण मारणार आणि किती दिवस? मोजमापात दारं-खिडक्या वजा करणार की नाही? राडारोडा कोण उचलणार? ही उत्तरं कागदावर लिहून घ्या. यातल्या पहिल्याच प्रश्नाला जो ‘ते बघू नंतर’ म्हणेल, त्याला चहा द्या आणि वाटेला लावा.

आता त्या कामाला दोन पावसाळे झाले. चमत्कार झाला असं नाही म्हणणार. दाराजवळच्या कोपऱ्यात वीतभर लोणा पुन्हा दिसतो, तो मी झाडते. सफेदी पदराला लागते आणि दर दिवाळीला नवा हात द्यावा लागतो. आईंच्या दम्याचं औषधही सुटलेलं नाही. पण खोलीतला तो कुबट वास गेला, आणि दिरांकडे जायचा विषय पुन्हा निघालेला नाही. आवरलेलं कपाट आईंनी गेल्या वर्षी पुन्हा लावलं. भिंतीपासून चार बोटं सोडून!